कार्बोरेटरची सुई आणि एक वायसर

कार्बोरेटरच्या मोटारसायकलला अर्ध्या एक्सलेटरवर किती पेट्रोल मिळावे, हे मुख्यतः एक निमुळती सुई ठरवते. वर्धा–हिंगणघाटसारख्या सपाट रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ याच टप्प्यात धावते. पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे गेला की हवा विरळ होते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते; हिवाळ्याच्या पहाटे नेमके उलट.

थंडीत गाडी अडखळते, प्लगचे टोक पांढरे दिसते, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे. आधी जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र, साफ करावा, कार्बोरेटरच्या जोडावर हवा गळते का पाहावे. घाईत हेच राहून जाते. मग इंजिन थंड असताना पेट्रोलचा कॉक बंद करून वरचे झाकण उघडावे आणि सुईची क्लिप एक खाच खाली बसवावी. सुई तेवढी वर येते आणि पेट्रोल वाढते. खाच एकच असेल, तर क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा बारीक वायसर पुरतो. प्लग तपकिरी दिसला की थांबावे. काळा पडला, तर सुई जास्त उचलली गेली आहे. अ‍ॅव्हरेज घटते, धूरही वाढतो.

1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आहे. त्यांत ही सुईच नसते.