वावांत मोजलेला कोकणकिनारा

आगोट जवळ आली की कोकणात गलबतं वर ओढून शाकारली जात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. त्या दिवसांत बाहेर सापडलेल्या जहाजाला एकच विवंचना असे: आसरा कुठे? एकोणिसाव्या शतकातले सागरी नकाशे मी या विवंचनेचं उत्तर म्हणून वाचतो.

विजयदुर्ग हे त्यातलं सर्वांत भरवशाचं उत्तर. वाघोटन खाडीच्या मुखाशी दक्षिणेकडून भूशिर पुढे आलंय, त्याच्या टोकावर किल्ला. नैर्ऋत्येची लाट त्या कातळावर फुटते आणि पलीकडे पाणी निवांत. मुखाशी वाळूचा आडवा बांधही नाही. दाभोळला, बाणकोटला हा बांध आहेच. नदीचा गाळ आणि समुद्राची वाळू तोंडाशी साचते आणि आतलं खोल पाणी असून नसल्यासारखं होतं. आंग्र्यांनी आरमार विजयदुर्गाला ठेवलं ते उगाच नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी ते आरमार जाळून किल्ला घेतला. इंग्रजी नकाशांत मात्र या जागेचं नाव ‘घेरिया’, शेजारच्या गिर्ये गावावरून पडलेलं. आणि तिथून शंभरएक किलोमीटर बाहेर, पाण्याखाली वीसेक मीटरवर जो प्रवाळाचा उंचवटा आहे, त्याला त्याच नकाशांनी आंग्र्यांचं नाव दिलं. ‘आंग्रिया बँक’ हे नाव आजही कायम आहे.

नकाशावरचे बारीक आकडे कसे येत, ते पाहण्यासारखं आहे. दोरीला शिशाचं लांबट वजन, त्याच्या बुडाशी खळगा, खळग्यात चरबी. वजन तळाला टेकलं की दोरीवरच्या खुणेवरून खोली कळे. वर ओढलं की चरबीला चिकटलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा दिसे. चिखलात नांगर धरतो, गुळगुळीत खडकावर घसरतो, म्हणून तळाचा प्रकारही आकड्याशेजारी लिहीत. माप सहा फुटांचं, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी आपली वाव. एकेका खाडीसाठी असं शेकडो वेळा शिसं सोडायचं, तेही तळपत्या उन्हात, होडीत उभं राहून.

ईस्ट इंडिया कंपनीचे जलसर्वेक्षक जेम्स हॉर्सबर्ग यांचा नौकामार्गदर्शक ग्रंथ १८०९ ते १८११ या काळात निघाला. पुढे मोजणीचं बरंच काम त्या काळच्या ‘इंडियन नेव्ही’ या इंग्रजी आरमाराच्या अधिकाऱ्यांनी केलं. १८६३ मध्ये ते आरमारच मोडीत काढलं आणि मोजणीची घडी विस्कटली. माझ्या मते हा निर्णय चुकीचाच होता. वाळू सरकते, तेव्हा जुना आकडा जहाजाला खडकापेक्षा कमी घातक नसतो. शेवटी १८७४ मध्ये कलकत्त्यात सागरी सर्वेक्षण खातं उभं राहिलं; प्रमुख होते अलेक्झांडर डंडास टेलर, ज्यांनी आपला पश्चिम किनारा आधीच पालथा घातला होता.

नकाशाच्या कोपऱ्यात सर्वेक्षक अधिकाऱ्याचं नाव असतं. दोरी ओढणाऱ्या खलाशांचं नसतं. देवळाचा कळस अमुक डोंगराच्या रेषेत आला की खडप चुकतं, हे किनाऱ्यावरच्या तांडेलांना तोंडपाठ असे. नकाशेही खाडीत शिरायची वाट अशाच दोन खुणा एका रेषेत धरून सांगतात. आज होडीवर उपग्रहाचं यंत्र आहे, त्यामुळे या खुणा कोणी विचारत नाही. तुमच्या बंदरावर एखादा जुना तांडेल असेल, तर या दिवाळीत त्याच्याकडे जा आणि त्याच्या खुणा, त्याच्याच शब्दांत, गावाच्या नावासह उतरवून घ्या.