बारा तासांची वेठ, आठ तासांचा पगार

पहाटेच्या अंधारात कल्याण-डोंबिवलीच्या फलाटांवर उभ्या राहणाऱ्या गर्दीत आमची माणसे किती, हे आम्हाला कोणी मोजून सांगायला नको. कोणी वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या गेटवर उभा राहतो, कोणी घोडबंदर रस्त्यावरच्या मॉलमध्ये फरशी पुसते, कोणी घंटागाडीवर शहराचा कचरा उपसतो. कागदावर ड्युटी आठ तासांची, प्रत्यक्षात बारा. रिलिव्हर आला नाही तर सोळा. पगार मात्र आठच तासांचा! ओव्हरटाइम मागितला की ठेकेदार म्हणतो, "कंपनीच्या साहेबांना विचार." साहेब म्हणतो, "तू ठेकेदाराचा माणूस." या टोलवाटोलवीत कामगाराचे रोजचे चार तास गडप होतात.

आम्ही याला वेठ म्हणतो. महार वतनात आमच्या बापजाद्यांच्या कामाला दिवस-रात्र नव्हती. सरकारी हाक आली की निघायचे. मोबदल्याचा हिशेब मागण्याची सोय नव्हती. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते. १९४६ च्या कारखाने कायदा दुरुस्तीने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ वर आले आणि जादा कामाला दुप्पट दर ठरला. तेव्हा ओव्हरटाइम ही शेटजींची बक्षिसी नाही. तो बाबासाहेबांनी कायद्यात लिहून ठेवलेला आमचा हक्क आहे.

जरा हिशेब करू. रोज बारा तास, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ७२ तास. त्यातले २४ तास जादा. त्यांचा दर दुप्पट, म्हणजे पुन्हा ४८ तासांचा पगार. बारा तास राबणाऱ्याला महिन्याला दोन पगार मिळायला हवेत. त्यातला एक पगार कोणाच्या खिशात जातो?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. पण आठवड्याचे ४८ तास कायम आहेत. बारा तास कायदेशीर झाले म्हणून चार तास फुकटात झाले, असे कोणी सांगितले तर ती शुद्ध फसवणूक आहे.

आता प्रश्न जबाबदारीचा. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली स्पष्ट केले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी आहे, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला सुटता येणार नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही ठेकेदाराने वेतन थकवले तर ते मूळ मालकाने द्यायचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी, ज्यांच्याविषयी आमच्या तक्रारी पुष्कळ आहेत, ही जबाबदारी कायम ठेवली आहे. थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, नोंदणीकृत युनियनलाही तो लावता येतो. आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे.

पण किती तास राबलो, हे कोण सांगणार? मस्टर ठेकेदाराच्या हातात. म्हणून एक साधी वही करा. तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, रात्रपाळी कोणाच्या सांगण्यावरून केली त्याचे नाव. ड्युटीचे मेसेज पुसू नका. एकटे जाऊ नका, कारण एकट्याला उद्यापासून येऊ नको असे सांगणे सोपे असते.

आणि एक कटू गोष्ट. हा पगार खाणाऱ्यांत आता आमचेही काही मुकादम, काही ठेकेदार आहेत. कार्यालयात बाबासाहेबांची तसबीर आणि मस्टरवर खोटी हजेरी! त्यांच्याकडून जयंतीची भरघोस वर्गणी घेऊन आम्ही गप्प बसतो. ती वर्गणी कोणाच्या चार तासांची आहे, हे एकदा तरी विचारू या. पुढच्या जयंतीला विहाराच्या दारात वर्गणीच्या टेबलाशेजारी दुसरे टेबल मांडा. तिथे आमच्या माणसांच्या वह्या तपासल्या जाऊ द्यात आणि दावे लिहिले जाऊ द्यात. बाबासाहेबांना याहून मोठा हार कोणता?