विश्लेषण : स्केल मॉडेल गाडीच्या बंपरवर ‘क्रोम’ कसा आणायचा? रंग, मार्कर की फॉइल?

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अँबेसेडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते. या गाड्या आता संग्राहकांच्या गॅरेजमध्ये आणि शोकेसमधल्या छोट्या मॉडेल्समध्ये उरल्या आहेत. अशी मॉडेल्स स्वतः बनवणाऱ्या किंवा जुनी मॉडेल्स नव्याने रंगवणाऱ्या हौशी मंडळींचे गाडे बहुतेकदा एकाच ठिकाणी अडते. बॉडीचा रंग जमतो, टायर जमतात, पण बंपर, ग्रिल आणि हबकॅपवरचा क्रोम जमत नाही. बाटलीवर ‘क्रोम’ लिहिलेले असते आणि हाती येतो करडा चंदेरी रंग. असे का होते आणि कोणत्या भागासाठी कोणता पर्याय निवडावा, ते पाहू.

मोठ्या गाडीवरचा क्रोम म्हणजे नेमके काय?

मोठ्या गाडीवरचा क्रोम हा रंग नसतो, तो धातूचा मुलामा असतो. पोलादी बंपर घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवतात. सर्वांत वर क्रोमियमचा अतिशय पातळ, मायक्रोनच्या काही दशांश जाडीचा थर येतो. आरशासारखा गुळगुळीतपणा मुख्यतः खालच्या निकेलमुळे मिळतो. क्रोमियम त्याला ओरखडे आणि काळवंडण्यापासून वाचवते आणि किंचित निळसर छटा देते.

प्लास्टिक मॉडेल किटमध्ये मिळणारे चकचकीत भाग मात्र वेगळ्या पद्धतीने बनतात. निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर प्लास्टिकवर बसवला जातो. त्याखाली आणि बहुधा वरही लॅकरचा थर असतो. म्हणजे नाव क्रोम असले तरी आत असते ॲल्युमिनियम. बाटलीतल्या बहुतेक ‘क्रोम’ रंगांचेही तेच आहे. ॲल्युमिनियम आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के परत पाठवते, तर क्रोमियम साधारण ६० ते ७० टक्के. त्यामुळे किटमधला क्रोम अनेकदा खऱ्यापेक्षा जास्त चमकतो आणि खेळण्यासारखा दिसतो.

साधा चंदेरी रंग का चालत नाही?

याचे उत्तर पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणात आहे. आरशावर पडलेले सर्व किरण शिस्तीत एकाच दिशेने परत जातात, म्हणून प्रतिमा दिसते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर किरण विखुरतात. मग चमक दिसते, पण प्रतिमा दिसत नाही. आरसा व्हायचा तर पृष्ठभागावरचे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रोनपेक्षा, बरेच लहान हवेत.

साध्या चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या चपट्या कणांचा चुरा असतो. हे कण त्यामानाने मोठे असतात आणि वाळताना वेड्यावाकड्या कोनांत बसतात. शिवाय इथे स्केलचा हिशेब लागू होतो. २० मायक्रोनचा कण १:२४ मॉडेलवर असेल, तर मोठ्या गाडीच्या मापात तो जवळपास अर्धा मिलिमीटर होतो. बंपरवर अर्ध्या मिलिमीटरचे चमचमते दाणे कोणत्याच गाडीला नसतात. डोळ्याला हे लगेच खटकते.

घरच्या घरी तपासायचे असेल तर रंगवलेल्या भागाजवळ छापील कागद धरा. अक्षरांच्या कडा ओळखू आल्या तर तो आरसा. नुसता पांढरा धब्बा दिसला तर ते चंदेरी रंगकाम.

किटमधला तयार क्रोम ठेवावा की काढावा?

हबकॅपसारखा एकसंध भाग असेल आणि जोड दिसत नसेल, तर तयार क्रोम ठेवण्यातच शहाणपण आहे. तितका गुळगुळीत थर घरी मिळवणे कठीण. फार चमकत असेल तर धुरकट छटेच्या पारदर्शक रंगाचा पातळ हात द्यावा, तामियाचा एक्स-१९ ‘स्मोक’ त्यासाठी वापरला जातो. ग्रिलच्या खाचांत पातळ काळा रंग सोडला की जाळीला खोली येते. फक्त ज्या ठिकाणी गोंद लावायचा, तिथला क्रोम आधी खरवडून काढावा. गोंद क्रोमला चिकटतो, प्लास्टिकला नाही, आणि मग बंपर गळून पडतो.

फ्रेममधून भाग कापल्यावर पांढरा डाग उरत असेल किंवा बंपरच्या मधोमध साच्याची रेघ दिसत असेल, तर मात्र जुना क्रोम काढून नव्याने काम करावे. घरातल्या ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, भाग बुडवून ठेवला की ॲल्युमिनियमचा थर विरघळतो. खालचे लॅकर बऱ्याचदा तसेच राहते, ते बारीक पॉलिश पेपरने घासावे लागते. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. ब्लीचमध्ये बाथरूम साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

लॅकर क्रोमला काळाच पाया का लागतो?

ॲलक्लॅड, स्पॅझ स्टिक्स किंवा मिस्टर कलरच्या सुपर मेटॅलिक मालिकेतले क्रोम रंग आरशाच्या बरेच जवळ जातात. त्यांतले धातूचे कण अतिशय बारीक आणि चपटे असतात. थर इतका पातळ पडतो की थोडा प्रकाश त्यातून आरपार जातो. खाली पांढरा किंवा करडा रंग असेल तर तो प्रकाश विखरून परत येतो आणि प्रतिमा धुरकट होते. खाली काळा रंग असेल तर तो प्रकाश शोषला जातो आणि प्रतिमा ठळक राहते.

पाया काळा असून भागत नाही, तो काचेसारखा चकचकीत लागतो. क्रोमचा थर पातळ असल्याने खालचा प्रत्येक धूळकण आणि ओरखडा वर दिसतो. या पद्धतीत खरी मेहनत काळ्या रंगाची आहे. तो नीट वाळून कडक होईपर्यंत थांबावे लागते, किमान एक रात्र आणि एनॅमल असेल तर अधिक.

त्यानंतर एअरब्रशने १२ ते १५ पीएसआय इतक्या कमी दाबाने धुक्यासारखे हलके हात द्यायचे. इथे बहुतेक जण घाई करतात. आधी काळा, मग गडद चंदेरी आणि अचानक एका हाताला आरसा दिसू लागतो. तिथेच थांबायचे. ‘अजून एक हात’ दिला की कणांवर कण साचतात आणि आरशाचा पुन्हा चंदेरी रंग होतो. हे रंग एअरब्रशसाठी तयार पातळच येतात, त्यांत थिनर घालू नये.

एअरब्रश नसेल तर मार्कर चालतो का?

चालतो, आणि त्यामुळेच जर्मन कंपनी मोलोटोचा ‘लिक्विड क्रोम’ मार्कर लोकप्रिय आहे. तो १, २ आणि ४ मिमी टोकांत मिळतो, रिफिलची बाटलीही वेगळी मिळते. त्याला काळ्या पायाची सक्ती नाही, पण पृष्ठभाग गुळगुळीतच हवा. शाई ओलसर, भरपूर आणि एकाच दमात सोडायची, ती आपोआप सपाट होते आणि वाळताना आरसा तयार होतो. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा टोक फिरवले की ओरखडे उठतात.

या मार्करची खरी अडचण वेळेची आहे. हाताला कोरडा लागला तरी थर आतून कडक व्हायला कित्येक दिवस लागतात. तोवर बोट लागले की ठसा उमटतो आणि चमक जाते. त्यामुळे हे काम जोडणीच्या अगदी शेवटी करावे आणि भाग चिमट्याने किंवा काडीला चिकटवून हाताळावा.

खिडकीच्या बीडिंगला काय वापरावे?

मोठ्या गाडीवर २ सेंमी रुंद असलेली क्रोमची पट्टी १:२४ मॉडेलवर जेमतेम ०.८ मिमी होते. ब्रशने अशी सरळ रेघ मारणे सोपे नाही. इथे ‘बेअर मेटल फॉइल’ सरस ठरते. हा एका बाजूला चिकट असलेला, अतिशय पातळ धातूचा पत्रा असतो. तुकडा जागेवर ठेवून इअरबडने दाबून बसवायचा, खाचांत टूथपिक फिरवायची आणि नव्या ब्लेडने कडेकडेने कापायचे. ब्लेड बोथट असेल तर फॉइल फाटते.

फॉइल खराखुरा धातू असल्याने बोटाने पुसला जात नाही आणि वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. पण गोलाकार बंपर किंवा हबकॅपसारख्या दुहेरी वक्र भागांवर त्याला सुरकुत्या पडतात. जाणकार आणखी एक युक्ती वापरतात. गाडीवरच्या उठावदार अक्षरांवर रंग देण्याआधीच फॉइल बसवतात आणि वरून बॉडीचा रंग देतात. मग थिनरमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने फक्त अक्षरांच्या माथ्यावरचा रंग पुसतात. खालून चकचकीत नाव उघडे पडते.

वरून क्लिअर कोट मारला की चमक का जाते?

क्लिअर कोटमधला थिनर खालच्या धातूच्या कणांना हलवतो. सरळ रांगेत बसलेले कण विस्कटतात आणि आरशाचे साधे सिल्व्हर होते. त्यामुळे लॅकर क्रोमवर लॅकर क्लिअर मारू नये. संरक्षण हवेच असेल तर क्रोम पूर्ण वाळू द्यावा आणि पाण्यावर आधारित क्लिअरचा पातळ हात आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहावा. बंपर हा सतत हाताळायचा भाग नाही. मॉडेल काचेच्या पेटीत राहणार असेल तर क्लिअर न मारणेच उत्तम.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे काम करावे का?

शक्यतो टाळावे. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो. हवेत दमटपणा जास्त असेल तर त्यावर बाष्प जमते आणि रंगाला पांढुरकी झाक येते. काळ्या पायावर ही झाक आली की वर कितीही चांगला क्रोम मारला तरी तो धुरकटच दिसतो. एसीच्या कोरड्या हवेत किंवा पाऊस उघडलेल्या दिवशी काम करावे. फॉइलला मात्र पावसाचे वावडे नाही.

आरोग्याला धोका कितपत?

खऱ्या क्रोम प्लेटिंगमध्ये वापरले जाणारे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय महासंघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापराला खास परवानगी लागते. त्यामुळे ‘घरच्या घरी क्रोम प्लेटिंग’ असे व्हिडीओ पाहून प्रयोग करू नयेत. मॉडेलच्या रंगांत हा धोका सहसा नसतो, पण लॅकरच्या वाफांचा असतो. कापडी मास्क किंवा एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. वन-बीएचकेमध्ये, लहान मूल शेजारी झोपलेले असताना लॅकर फवारण्यापेक्षा मार्कर आणि फॉइलवर भागवलेले बरे. लॅकर ज्वलनशील असल्याने देवघरातला दिवा आणि गॅस यांपासूनही दूर राहावे.

एका नजरेत : कोणत्या भागाला काय?

• बंपर, हबकॅप : काळ्या पायावर लॅकर क्रोम. एअरब्रश नसेल तर मार्कर.
• खिडकीचे बीडिंग, बाजूच्या पट्ट्या, अक्षरे : फॉइल.
• ग्रिल : किटचा तयार क्रोम आणि खाचांत काळा रंग.
• दाराची हँडल, आरशाची दांडी : १ मिमी मार्कर.
• सायलेन्सर, इंजिनचे भाग : साधा चंदेरी रंग. इथे आरसा नकोच.

मग आधी काय घ्यावे?

सुरुवात करणाऱ्याने एक मार्कर आणि फॉइलचा एक पत्रा घ्यावा. एअरब्रश आणि कॉम्प्रेसरचा खर्च दोन-तीन मॉडेल पूर्ण झाल्यावर करावा. परदेशातून लॅकर किंवा स्प्रे मागवण्याआधी ते पाठवले जातात का, याची खात्री करावी. ज्वलनशील द्रव आणि एरोसोल हवाई वाहतुकीत धोकादायक माल ठरतात. कोणताही रंग थेट मॉडेलवर न मारता प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर आधी करून पाहावा. चमच्याची पाठ बंपरसारखीच गोलाकार असते, त्यामुळे निकाल खराखुरा कळतो.

खरेदीआधी एक गोष्ट ठरवावी : आपण कोणती गाडी बनवत आहोत? शोरूममधून बाहेर पडलेली १९५९ ची कॅडिलॅक असेल तर बंपरमध्ये खोलीतला दिवा स्पष्ट दिसायला हवा. पण वीस पावसाळे टॅक्सी म्हणून काढलेल्या पद्मिनीच्या बंपरवर आरसा बसवला तर मॉडेल खोटे वाटेल. तिथे तामियाचा एक्स-११ ‘क्रोम सिल्व्हर’सारखा साधा रंग, कडांना थोडा गंजाचा तपकिरी हात आणि ग्रिलमध्ये काळसर मळ एवढे पुरेसे आहे. महागड्या बाटलीपेक्षा त्या गाडीचा एखादा जुना फोटो इथे जास्त कामाला येतो.