बांध कोणाच्या उपग्रहाने मोजावा?

भात झोडून झाले, खळी उठली, की घोटीच्या आसपासच्या गावांतून मोजणीचे अर्ज निघू लागतात. उभ्या पिकात न दिसणारा बांध आता उघडा पडलेला असतो. मोजणीदार येण्याआधीच घरातला शिकलेला मुलगा मोबाईल घेऊन बांधावरून फिरतो आणि सांगतो, "काका, तुम्ही आमच्यात दहा फूट आलात." काका हे ऐकून गप्प बसतील, असे थोडेच आहे?

वाचकहो, त्या मुलाचा हिशेब आपण तपासून पाहू. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा मोबाईलने दाखवलेली जागा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होते. तीन मीटर म्हणजे दहा फूट. बांध सव्वादोनशे फूट लांब असेल, तर नुसत्या चुकीचेच दोन गुंठ्यांवर होतात. याहून वाडवडिलांची ३३ फुटी साखळी बरी!

असे का होते? उपग्रह आकाशातून वेळ सांगतो. ती वेळ आपल्यापर्यंत यायला किती अवधी लागला, त्यावरून यंत्र अंतर काढते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. त्यामुळे सारी भिस्त घड्याळावर.

असे उपग्रह आज अनेकांचे आहेत. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदू आणि आपली नाविक. अचूकतेत गॅलिलिओ पुढे, ग्लोनास थोडी मागे. पण बांधाच्या कामी हा फरक किरकोळ आहे. एकट्या कोणाच्याही भरवशावर दगड रोवता येत नाही.

भरवशाचा प्रश्न मात्र निराळा. अमेरिकेने मे २००० पर्यंत सामान्य लोकांसाठीची खूण मुद्दाम बिघडवून ठेवली होती. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. शेजाऱ्याच्या मोटारीवर भात पिकवावे, तशी ही गत. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओही जवळजवळ आठवडाभर बंद पडली होती. इस्रोने २०१३ पासून आपले उपग्रह सोडले. त्यांतल्या अनेकांची परदेशी घड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात प्रथमच देशी अणुघड्याळ बसवले. जानेवारी २०२५ मध्ये पाठवलेला पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. नाविक हवीच, पण ती अजून पुरती उभी राहिलेली नाही, हे खरे सांगितले पाहिजे.

शिवाय ही खूण इतकी क्षीण असते की लहानशा यंत्रानेही ती दाबता येते, खोटीही पाठवता येते. विमाने आणि जहाजे यांना ते भय मोठे. आपल्या शेतात शत्रू येत नाही. तिथे आड येतात ते कळसूबाईच्या बाजूचे डोंगर आणि बांधावरचा आंबा.

मग भूमी अभिलेखचा मोजणीदार काठीवर बसवलेले जे रोव्हर आणतो, त्याचे काय? ते एकाच वेळी अनेक देशांचे उपग्रह पाहते. डोंगराने अर्धे आभाळ झाकले तरी उरलेल्यात पुरेसे सापडतात. दुसरे असे की, सर्व्हे ऑफ इंडियाने राज्यात ७७ स्थिर केंद्रे उभारली आहेत. त्यांची जागा पक्की ठाऊक असल्याने उपग्रहाची चूक किती, ते केंद्राला कळते आणि ती दुरुस्ती मोबाईलच्या जाळ्यावरून रोव्हरला मिळते. मग चूक काही सेंटिमीटरवर येते. मात्र तुम्ही कुठे उभे आहात एवढेच ते सांगते. बांध कुठे असावा, हे गटाचा जुना नकाशाच सांगणार.

मोजणीच्या दिवशी पडद्यावर 'फिक्स' आले का, ते जरूर विचारा. 'फ्लोट' असेल तर थांबायला सांगा. खोऱ्यात मोबाईलची रेंज नसेल, तर दुरुस्तीच येत नाही. झाडाखालचा कोपरा थोड्या वेळाने पुन्हा घ्यायला लावा, आणि त्या वेळी काकांनाही शेजारी उभे करा. 'क' प्रत हाती येईपर्यंत नांगराचा फाळ बांधाला लावू नका.