जुनी जीप घरी बनवायचीय? आधी नंबर बघा, मग नट-बोल्ट

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही, किंवा जे ऑफिसात बसून गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे "म्हणजे कसंय ना" तेवढे गाळलेत.

आजचा विषय जुन्या जीपचा. दारात उभी करून स्वतः बनवायची जीप. सातारा-सांगलीत याचं वेड जुनं आहे. वडापच्या जीपला लोंबकळत शाळा-कॉलेजला गेलेली पिढी इथलीच, आणि घरटी माणूस फौजेत असलेली अपशिंगे मिलिटरीसारखी गावंही इथलीच. त्यामुळे गोठ्यात किंवा शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी जुनी महिंद्रा सापडली की पोरांचे डोळे चमकतात.

सुरुवात देवराष्ट्र्यापासून करू. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं हे गाव यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून आपल्याला माहीत असतं. डिसेंबर २०२१ मध्ये ते वेगळ्याच कारणाने सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले पार्ट जमवून एक छोटी जीप बनवली होती. पुढून अगदी विलीजसारखी, आणि स्टार्ट करायची ती टू-व्हीलरसारखी किक मारून. खर्च साधारण ६० हजार रुपये. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ शेअर करून तोंडभरून कौतुक केलं, पण त्यातच हेही लिहिलं की ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही. पुढे म्हणाले, प्रशासन आज ना उद्या ती रस्त्यावर चालवू देणार नाही, तर ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या घरी बोलेरो आली.

सगळ्यांना बोलेरो आठवते. मला नियमांचं ते वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण जीप जुनी घ्या किंवा नवी बनवा, ती एकाच वेळी दोन ठिकाणी असते: एक तुमच्या अंगणात, दुसरी आरटीओच्या रेकॉर्डमध्ये. अंगणातल्या गाडीचं जवळपास काहीही दुरुस्त करता येतं. रेकॉर्डमधली गाडी मेलेली असेल तर मात्र तुम्ही लाखभर रुपयांचं शोपीस बनवताय. आणि दोन्ही गाड्या जुळत नसतील तर त्याहून वाईट, कारण ते पोलिसांनी अडवल्यावर किंवा अपघातानंतर विम्याच्या माणसाने बॉनेट उघडल्यावर कळतं.

म्हणून गाडी बघायला जाताना पान्याआधी पेन्सिल आणि पातळ कागद घ्या. चासीवर पंच केलेला नंबर शोधा, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा, कागद ठेवून पेन्सिल घासा. याला चासी प्रिंट म्हणतात. आरटीओतही हीच पद्धत आहे. इंजिन नंबरचंही तसंच. मग हे दोन्ही नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा. नंबरावर ग्राइंडर फिरवलेला दिसला, आजूबाजूला ताज्या वेल्डिंगचा माग दिसला, तर चहा पिऊन परत या. नंबर गंजाने नुसता पुसट झाला असेल तर आरटीओच्या परवानगीने पुन्हा पंच होतो, पण ते काम आधीच्या मालकाने करून द्यायचं.

दुसरं, एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. पुस्तकी आरसीच्या जमान्यातल्या अनेक गाड्या तिथे सापडतच नाहीत, कारण त्यांची नोंद कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते. त्याला बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात डेटा मायग्रेशनला सगळे का घाबरतात ते तुम्हाला इथे कळेल. मूळ कागद असतील तर हे होतं, झेरॉक्सवर होत नाही. फौजेच्या लिलावातून आलेल्या गाडीचं तर लिलावाचं आणि सुटकेचं पत्र हेच तिचं जन्मप्रमाणपत्र. ते हरवलंय म्हणणाऱ्याकडून जोंगा कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आता मेन मुद्दा. रिस्टोअर करायची की मॉडिफाय? लोक हे दोन शब्द एकाच श्वासात म्हणतात, पण कायद्याला ते दोन वेगळे रस्ते वाटतात.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत लिहिलेली गाडीची माहिती आणि कंपनीने मुळात ठरवलेली माहिती यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. कायद्याने 'बदल' म्हणजे काय तेही सांगितलंय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. म्हणजे ब्रेक लायनर, बुश, सीटचं कव्हर याला कोणी हात लावत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात याच कलमावर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या रंगीबेरंगी जीपचे रील बघून ऑर्डर देण्याआधी हे वाचा.

याच्या उलट, गाडी मूळ रूपात ठेवणाऱ्याला सरकारने २०२१ मध्ये एक दार उघडून दिलं. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, बिगर-व्यावसायिक, आणि चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. १९७५ ची जीप २०२५ मध्ये त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. नव्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र ती रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच. भाजी आणायला जाणार असाल तर नेहमीच्याच रस्त्याने जा: दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, वर पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी १०,००० झाली आहे.

आणि इथेच आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीप अडकतात. का, ते समजायला थोडा इतिहास. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे आलं सीजे-३बी मॉडेल, उंच बॉनेटचं. बॉनेट उंच असायचं कारण तिचं हरिकेन इंजिन: आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, इंजिनची उंची वाढली, म्हणून झाकण वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला थांबलं, आपल्याकडे ते नंतरही बरीच वर्षं निघत राहिलं. साधारण २.२ लिटरचं हे पेट्रोल इंजिन गोड चालतं, पण पितंही तसंच. त्यामुळे डिझेल स्वस्त असलेल्या काळात गावोगावच्या मालकांनी पेट्रोल उतरवून डिझेल बसवलं. काहींनी आरसीवर नोंद केली, बऱ्याच जणांनी नाही. आज तुम्ही बघायला जाता ती "ओरिजिनल विलीज" बाहेरून विलीज आणि आतून दुसरीच असू शकते. इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय आणि बॉनेटखाली काय आहे, हे एवढ्यासाठी बघायचं.

डिझेल इंजिन जड असतं, तेही सगळं वजन पुढच्या चाकांवर. पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं. मूळ इंजिन कुठेतरी शेडमध्ये पडलेलं असेल आणि नंबर जुळत असेल तर तेच परत बसवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, कागद जुळले. आता लोखंड.

गाडी कुठल्या तालुक्यात राहिली हे विचारा, मॉडेल इयरइतकंच ते महत्त्वाचं आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण, आटपाडी, जतकडे ५०० च्या आसपास. पाटण-जावळीकडच्या गाडीचा पत्रा तळातून गेलेला असणार हे धरूनच चाला. जतकडची गाडी पत्र्याने ठणठणीत, पण होजपाइप, सील, बुश, टायर असं सगळं रबर उन्हाने तडकलेलं. मला विचाराल तर जतची घ्या. रबर विकत मिळतं, सडलेली चासी नाही.

चासी तपासायला छोटा हातोडा पुरतो. दोन्ही लांब पट्ट्यांवर, विशेषतः पाट्यांचे हँगर आणि आडव्या पट्ट्यांच्या जोडाजवळ टकटक करत जा, कारण चिखल तिथेच साठतो. ठण्ण आवाज आला तर लोखंड जिवंत, थप्प आला तर आत पापुद्रे. मग टेप लावून कर्ण मोजा: पुढचा डावा हँगर बोल्ट ते मागचा उजवा, आणि उलट. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. बोटभर फरक असेल तर गाडी कधीतरी आपटलेली आहे. बॉडीवर फ्रीजवरचा मॅग्नेट फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पेंटर तिला लांबी म्हणतात आणि काही गाड्यांवर ती खरंच लांबच लांब असते.

गंजलेल्या भागावर वरून पत्रा ठोकणं ही सगळ्यात कॉमन चालूगिरी. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं, मग तेवढाच तुकडा जोडायचा. बॉडीच्या पातळ पत्र्याला आर्क वेल्डिंगने भोकं पडतात, सीओटू वेल्डिंगवालाच शोधा. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत अशी माणसं मिळतात. किर्लोस्करवाडीत १९१० पासून ओतकाम चालत आलेल्या मुलखात लेथवाला शोधायला पुण्याला जायची गरज पडत नाही. बुश, पिन, स्पेसर नमुना दाखवून करून घ्या.

आता ब्रेक. इथे काटकसर नको. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच सर्किट. म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला किंवा एक नळी फुटली की पेडल थेट तळाला, चारही ब्रेक एकदम गायब. यवतेश्वरचा घाट उतरताना हे कोणालाच नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते त्यामुळे जोर चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं ऑइल, रबरं, नळ्या सगळं नवं घाला. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणं ही मला पटणारी मोजक्या मॉडिफिकेशनपैकी एक, फक्त आधी तुमच्या आरटीओतल्या मोटार वाहन निरीक्षकाशी बोलून घ्या. आणि जुन्या लायनरची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

घरी काम करताना दोनच गोष्टी जीव घेतात. एक, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणं. स्टँड लावा, नाहीतर शिरू नका. दोन, पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग. टाकी रिकामी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा असते, आणि स्फोट त्याचाच होतो. टाकी बाहेर काढून जाणकाराकडे द्या. वायरिंगचं वगैरे मग सोपं आहे: सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा, बोल्ट पिशव्यांत घालून नावं लिहा.

मोठ्या टायरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. मूळ माप ६.००-१६, अरुंद आणि उंच. त्याजागी रुंद, मोठे टायर घातले की गाडी रुबाबदार दिसते हे खरं. पण चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. मग स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, चढाला गिअर कमी पडतो, थांबवायला तेच छोटे ड्रम अपुरे पडतात आणि एक्सल शाफ्टवर ताण येतो. त्यात गाडी उंच केली तर ८० इंचांच्या व्हीलबेसवर ती तिरक्या उतारावर लवकर कलंडते. ही जीप अरुंद टायर चिखलात खाली घुसवून कडक जमीन शोधते, तिला तसंच राहू द्या.

फोर बाय फोरचा दांडा मात्र समजून वापरा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा घेर काढतात, म्हणजे ती जास्त फिरायला हवीत. या जीपमध्ये दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चिखलात टायर थोडे घसरून तो फरक भरून काढतात. डांबरावर घसरता येत नाही, मग ताण गिअर आणि क्रॉसवर साठतो, स्टिअरिंग अडतं, आणि एक दिवस काहीतरी तुटतं. डांबर लागलं की दांडा बाहेर.

आणि चालवायची कुठे? कासच्या पठारावर नाही. तिथली माती खडकावर काही बोटांची आहे, चाकाची एक रेघ कित्येक वर्षं भरत नाही. कोयना आणि चांदोली तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक रानात, ओढ्याकडेच्या गाडीवाटेने जा. एखाद्याचा उसाचा ट्रॅक्टर रुतला असेल तर बाहेर काढूनही देता येईल.

पुढच्या भागात कार्ब्युरेटर उघडून बघू. तुमच्या जीपबद्दल विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, सोबत चासी, ब्रेक आणि इंजिनचे फोटो. फोटोत नंबर प्लेट आणि आरसी झाकून ठेवा.