टेललाइटमधलं पाणी

सिल्वासात पाऊस लागला की पंधरा-वीस दिवसांनी आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधून एक फेरी मारा. पाच-सात वर्षं जुन्या गाड्यांपैकी एखादीच्या मागच्या लाल दिव्यात वाफ धरलेली दिसेल, एखादीच्या दिव्यात तर चक्क पाणी हिंदकळत असेल. मालक म्हणतो, "ऊन पडलं की सुकेल." दसऱ्याला गाडी धुताना पाणी तिथेच असतं.

वाफ आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवा म्हणजे मोबाइल नव्हे. 'आयपी६७'वाला मोबाइल १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकावा म्हणून बंदिस्त असतो, पण दिव्याला मुद्दाम श्वास घ्यायला जागा ठेवतात. बल्ब तापला की आतली हवा फुगते, विझला की आकसते. त्या हवेची ये-जा व्हावी म्हणून मागे रबरी नळी किंवा बारीक जाळी असते. काही दिव्यांत तर गोरेटेक्सच्या रेनकोटात असतो तसला पडदा असतो: हवा जाते, पाणी अडतं. त्यामुळे सकाळी दिसणारं धुकं अर्ध्या तासात गेलं तर काळजी नको. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल, तर मात्र कुठेतरी फट आहे. तापलेल्या दिव्यावर सर पडली की आतली हवा झटकन आकसते आणि केसाएवढ्या फटीतूनही पाणी आत ओढून घेते.

नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मीही सोडून दिलं असतं. पण होल्डरला गंज चढतो आणि ब्रेकलाइट कधी लागतो, कधी लागत नाही. नियमाप्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. आम्ही पावसाळ्यात जव्हार-मोखाड्यावरून त्र्यंबककडे जातो. त्या धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपली ओळख फक्त त्या दिव्यानेच असते.

गेल्या जुलैत आमच्या डिकीला कुबट वास येऊ लागला. कार्पेट उचललं, तर स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी आणि जॅक गंजलेला. एका गॅरेजवाल्याने न उघडताच निदान केलं, "दोन्ही दिवे बदला." कोड न वाचता सगळं पुन्हा लिहून काढायला सांगण्यातला हा प्रकार! मी बाबांना मदतीला बोलावलं. त्यांची सगळी नोकरी इथल्याच प्लॅस्टिकच्या कारखान्यात गेली.

मागची सीट पाडून मी टॉर्च घेऊन डिकीत शिरलो, बाबा बाहेर पाइप घेऊन. (लहान मुलांना डिकीत बसवू नका, आणि गाडीची किल्ली बाहेरच्याच्या हातात असू द्या.)

"बाबा, वरून नको. आधी बंपरपाशी, मग हळूहळू वर. धार बारीक ठेवा."

"अरे, मला शिकवतोस?"

क्रम महत्त्वाचा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. बंपरमागची हवेची खिडकी कोरडी, दिव्याची खालची कड कोरडी. डाव्या दिव्याच्या वरच्या कोपऱ्याशी धार आली आणि आत थेंब टपकला. म्हणजे दिवा ठीक होता. दिवा आणि पत्रा यांच्यामधलं फोमचं गॅस्केट कडक होऊन दबलं होतं.

दिवा काढणं सोपं. आमच्या गाडीत डिकीतून दोन नट, मग दिवा सरळ मागे ओढायचा. पिरगाळला तर खुंट्या तुटतात. पत्रा मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. तोच बोळा लेन्सवर फिरवणार, तेवढ्यात बाबांनी हात धरला. लेन्स अ‍ॅक्रिलिकची असते. अल्कोहोल, पेट्रोल, थिनर लागलं की तिच्यावर बारीक तडे येतात. तिला साबणाचं पाणीच बरं. जुनं गॅस्केट खरवडून वापीहून आणलेलं नवं बसवलं. नट हाताने घट्ट करून वर पान्याचा अर्धा फेराच दिला. जास्त आवळलं तर दिव्याचं घर चिरतं.

पाणी दिव्याच्या आतच जात असेल तर बल्ब काढा, भोकं टेपने बंद करा, दिवा बादलीत धरून नळीतून हलकी फुंकर मारा. सायकलच्या पंक्चरसारखे बुडबुडे जिथून येतील तिथे फट. (एलईडी दिवा मात्र बुडवू नका.) आधी तो पूर्ण सुकवा. हेअर ड्रायर लांबूनच धरा, अ‍ॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मग फटीवर न्यूट्रल सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांब्याचे संपर्क खातं. आणि उत्साहाच्या भरात श्वासाची नळी बुजवू नका. अनेकजण नेमकं तेच करतात आणि मग आतली वाफ बाहेर पडायला वाटच उरत नाही.

काम झाल्यावर डिकीच्या कार्पेटखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली. पुढच्याच आठवड्यात नाशिकला जाऊन आलो, जव्हारपासून मुसळधार पाऊस. परत आल्यावर घडी काढली, कोरडी ठणठणीत. आता बाबा शेजाऱ्यांच्या गाडीभोवती पाइप घेऊन फिरताहेत.