बातम्या सांगणारा गळा

प्रदीप भिडे यांचा आवाज आठवतो ना? मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भिडे तेथे १९७४ पासून बातम्या देऊ लागले आणि पुढे चार दशके देत राहिले. जाहिराती व माहितीपटांनाही त्यांनी आवाज दिला. ७ जून २०२२ रोजी ते गेले. त्याच केंद्रावर सुरुवातीला स्मिता पाटीलही बातम्या वाचत. पण त्या लवकरच चित्रपटांकडे वळल्या. चाळीस वर्षे एकाच आवाजावर काम करणे ही निराळीच गोष्ट. लोक त्याला देवाची देणगी म्हणतात. असेल; पण ती राखावी लागते.

आपल्या कंठात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे दोन स्वरतंतू असतात. पुरुष बोलतो तेव्हा ते सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात, स्त्रियांचे दोनशेच्या आसपास. दहा मिनिटांचे बातमीपत्र म्हणजे विराम वगळूनही तीस-चाळीस हजार आघात! निवेदकासमोर निदान माईक तरी असतो. आमच्या कंधारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींना किंवा साठ मुलांच्या वर्गातील गुरुजींना तो कुठला? रोज ओरडून स्वरतंतूंवर गाठी येतात. सतत खाकरणेही वाईट, आणि घसा बसल्यावर कुजबुजत बोलणेही बरे नाही. त्यापेक्षा सरळ गप्प बसावे, घोट घोट पाणी प्यावे, वाफ घ्यावी. खडीसाखर, ज्येष्ठमध जरूर चघळा, घशाला बरे वाटते. मात्र गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना शिवतही नाही.

सर्दीने बसलेला घसा आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवडे उलटले तरी सुटला नाही, तर तपासणी हवीच; त्यातून तंबाखू किंवा विडी असेल तर एक दिवसही थांबू नये.

गेल्या वर्षी एक कीर्तनकार माझ्याकडे आले. अडीच महिन्यांपासून आवाज घोगरा. "एकामागून एक सप्ताह लागले होते डॉक्टरसाहेब, म्हणलं ते आटपले की दाखवू." खिशात विडीचे बंडल. तोवर त्यांनी तीन बाटल्या खोकल्याचे औषध संपवले होते, त्यातली पहिली मीच लिहून दिलेली. तेव्हा 'किती दिवसांपासून?' एवढे विचारून मी थांबलो, पुन्हा या म्हणालो नाही. ती चूक माझी. या वेळी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन नांदेडला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. दुर्बिणीतून उजव्या स्वरतंतूवर लहानशी वाढ दिसली. तुकडा तपासला, कर्करोग निघाला.

स्वरतंतूवरचा कर्करोग आवाज लवकर बिघडवतो, म्हणून तो लवकर सापडू शकतो. सुरुवातीलाच सापडला तर किरणोपचाराने बहुतेक रुग्ण बरे होतात आणि आवाजही वाचतो. बुवांचा वाचला, थोडा जाड झाला इतकेच. विडी सुटली. परवा येऊन विचारत होते, "कीर्तनाला कधी उभा राहू?" म्हटले, नांदेडचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत मागे उभे राहून टाळ वाजवा.